प्राचीन इजिप्तवर राज्य कोणाचं होतं? राजांचं की देवांचं?

३ एप्रिल २०२१ ची संध्याकाळ. कैरो शहरातले मुख्य रस्ते रहदारीसाठी बंद केले होते. तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयातून सोनेरी रंगाच्या, जुन्या काळच्या होड्यांसारख्या सजवलेल्या गाड्या एकामागून एक बाहेर पडल्या. त्या गाड्यांमध्ये होत्या २२ ममी. १८ राजे आणि ४ राण्या. हे सगळे तीन हजार वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी मेलेले. नव्या संग्रहालयाच्या दारात त्यांना २१ तोफांची सलामी देण्यात आली आणि स्वागताला इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष अब्देल फतह अल-सिसी स्वतः उभे होते.

या सोहळ्यात एक गाणं झालं. ते होतं इसिस देवीचं स्तोत्र, आणि ते गायलं गेलं प्राचीन इजिप्शियन भाषेत, जी आज कोणाच्याही घरात बोलली जात नाही.

मिरवणूक राजांची आणि स्तोत्र देवीचं, असं का? कारण प्राचीन इजिप्तमध्ये राजा आणि देव यांना वेगळं काढताच येत नाही. देवांनी राजाला गादी द्यायची आणि राजानं देवांना देऊळ, जमीन आणि रोजचा नैवेद्य द्यायचा, असा हा सरळ व्यवहार होता. सुमारे ३००० वर्षं इजिप्तचा कारभार याच व्यवहारावर चालला. ज्यानं तो मोडायचा प्रयत्न केला, त्याचं नावसुद्धा भिंतीवरून खरवडून काढलं गेलं.

फॅरो म्हणजे नेमकं कोण?

इजिप्तच्या राजाला आपण फॅरो म्हणतो. मूळ इजिप्शियन शब्द होता 'पेर-आ', म्हणजे मोठं घर, अर्थात राजवाडा. सुरुवातीला हा शब्द राजासाठी नव्हताच. 'मंत्रालयानं आदेश काढला' असं आपण म्हणतो, तेव्हा आदेश इमारत काढत नाही, आतली माणसं काढतात. तसंच तिथेही झालं. राजवाड्याचा शब्द हळूहळू राजालाच चिकटला. राजाला उद्देशून तो वापरायला लागले इ.स.पू. पंधराव्या शतकाच्या आसपास, म्हणजे पिरॅमिड बांधून हजार वर्षं उलटल्यावर.

इजिप्तच्या राजांची घराण्यांनुसार जी यादी आज वापरली जाते, ती मुळात मानेथो नावाच्या एका इजिप्शियन पुजाऱ्यानं इ.स.पू. तिसऱ्या शतकात ग्रीक भाषेत तयार केली. त्याच्या यादीत ३० घराणी होती. आजचे अभ्यासक या काळाचे तीन मोठे भाग करतात. पिरॅमिडांचा काळ म्हणजे जुनं राज्य (सुमारे इ.स.पू. २६८६ ते २१८१), मग मधलं राज्य (सुमारे २०५५ ते १६५०) आणि शेवटी साम्राज्याचा काळ म्हणजे नवं राज्य (सुमारे १५५० ते १०६९). या तिन्हींच्या मधे राज्य फुटल्याचे, एकाच वेळी दोन-तीन राजे असल्याचे काळ येतात.

राजा आणि देव यांच्या नात्याच्या सगळ्यात जुन्या पुराव्यांपैकी एक म्हणजे नार्मेरची पाटी. १८९८ मध्ये दक्षिण इजिप्तमधल्या हिएराकोनपोलिस इथे ती सापडली. साधारण दोन फूट उंचीची ही दगडी पाटी सुमारे इ.स.पू. ३१०० मधली आहे. तिच्यावर नार्मेर राजा शत्रूचे केस धरून त्याच्यावर गदा उगारताना दिसतो आणि समोर आहे एक ससाणा. हा ससाणा म्हणजे होरस देव. लढाई राजा करतोय, पण विजय देवाच्या साक्षीनं होतोय. हेच चित्र पुढची ३००० वर्षं देवळांच्या भिंतींवर पुन्हा पुन्हा कोरलं गेलं. फक्त राजाचं नाव बदलत राहिलं.

एका खटल्यातून ठरलेला वारसाहक्क

राजाला गादीचा हक्क मिळतो कुठून? याचं उत्तर इजिप्तच्या सगळ्यात महत्त्वाच्या कथेत आहे.

ओसायरिस हा इजिप्तचा राजा होता आणि इसिस त्याची बहीणही होती आणि बायकोही. त्याचा भाऊ सेत याला गादी हवी होती. सेतनं ओसायरिसचा खून केला. इसिसनं नवऱ्याचं प्रेत शोधून काढलं, मंत्रशक्तीनं त्याच्यात काही काळ जीव आणला आणि तिला त्याच्यापासून मुलगा झाला, तो होरस. ओसायरिस मेलेल्यांच्या जगाचा राजा झाला. होरस मोठा झाला आणि त्यानं देवांच्या दरबारात काकावर दावा लावला.

हा खटला एका पपायरसवर लिहिलेला सापडला आहे. त्यात म्हटलं आहे की निकाल लागायला ८० वर्षं लागली. सेत ताकदवान होता आणि काही देव त्याच्या बाजूनं होते. दरबार एका बेटावर हलवला आणि नावाड्याला ताकीद दिली, की इसिससारखी दिसणारी कोणतीही बाई इकडे आणायची नाही. इसिस म्हातारी बनून आली आणि नावाड्याला सोन्याची अंगठी देऊन बेटावर पोहोचली. तिथे तिनं सुंदर तरुणीचं रूप घेतलं आणि सेतला गाऱ्हाणं सांगितलं. "माझा नवरा गुराखी होता, तो वारला. आता एक परका माणूस आलाय आणि माझ्या मुलाला हाकलून आमची गुरं घ्यायला बघतोय." सेत भाळला होता. तो म्हणाला, मुलगा जिवंत असताना बापाची गुरं परक्याला कशी मिळतील? इसिस लगेच घार होऊन झाडावर जाऊन बसली आणि म्हणाली, तुझा निकाल तूच दिलास.

शेवटी गादी होरसला मिळाली आणि हाच नियम झाला. जिवंत राजा म्हणजे होरस आणि मेलेला राजा म्हणजे ओसायरिस. त्यामुळे इजिप्तमध्ये बापाचे अंत्यविधी करणं ही मुलाची जबाबदारी तर होतीच, पण गादीवरचा हक्क सिद्ध करण्याची ती रीतही होती. तुतानखामूनच्या थडग्यात भिंतीवर जे चित्र आहे, त्यात त्याच्या ममीचा विधी करताना दिसतो त्याच्यानंतर गादीवर बसलेला आय. तो तुतानखामूनचा मुलगा नव्हता, पण वारस म्हणून स्वतःला दाखवायचं असेल तर हे चित्र गरजेचं होतं.

देव होते तरी किती?

शेकडो. प्रत्येक गावाचा, प्रत्येक प्रांताचा आपला देव होता. गावाचं महत्त्व वाढलं की देवाचंही वाढायचं. त्यातले काही प्रमुख देव असे :

रा : सूर्यदेव. दिवसा होडीतून आकाश ओलांडणारा आणि रात्री पाताळातून प्रवास करणारा. अपोप नावाच्या सर्पाशी त्याची दर रात्री लढाई व्हायची.

ओसायरिस : मेलेल्यांच्या जगाचा राजा. ममीसारखा गुंडाळलेला दाखवतात.

इसिस : ओसायरिसची बायको, होरसची आई, मंत्रविद्येची देवी.

होरस : ससाण्याच्या रूपातला देव, जिवंत राजाचा आधार.

सेत : वाळवंट, वादळ आणि गोंधळाचा देव. पण तो निव्वळ खलनायक नव्हता. राच्या होडीवर उभा राहून तोच अपोपला भाला मारायचा. सेती नावाच्या राजांची नावं त्याच्यावरूनच आली.

अनुबिस : कोल्ह्याच्या तोंडाचा देव. ममी बनवणं आणि थडग्यांची राखण हे त्याचं काम.

थोथ : आयबिस पक्ष्याचं डोकं असलेला, लिखाण आणि हिशोबाचा देव.

हथोर : गाईच्या रूपातली देवी. प्रेम, संगीत आणि आईपणाशी जोडलेली.

सेखमेत आणि बास्तेत : सिंहिणीच्या रूपातली सेखमेत रोगराई आणि युद्धाची, तर पुढे मांजरीच्या रूपात आलेली बास्तेत घर राखणारी.

प्ताह : मेम्फिस शहराचा देव, कारागिरांचा पाठीराखा.

अमून : थीब्ज शहराचा देव. त्याच्या नावाचा अर्थ लपलेला, न दिसणारा. याच्याबद्दल पुढे बरंच काही येईल.

देवांना प्राण्यांची डोकी का, हा नेहमीचा प्रश्न. इजिप्शियन लोक देव खरोखर असेच दिसतात असं मानत नसत. स्मशानाच्या कडेला कोल्हे फिरायचे, म्हणून थडग्यांच्या राखणदाराला कोल्ह्याचं तोंड. आकाशात सगळ्यांच्या वर ससाणा उडतो, म्हणून राजाच्या देवाला ससाण्याचं रूप. चित्रात देव कोणता आणि त्याचं काम काय, हे अक्षर न येणाऱ्यालाही कळावं, असा त्याचा उपयोग व्हायचा.

राजाची खरी नोकरी : मात

या सगळ्या देवांमध्ये डोक्यावर पीस खोवलेली एक देवी आहे, मात. सत्य, न्याय आणि समतोल हे सगळं मिळून मात. नाईलला वेळेवर पूर येणं, सूर्य रोज उगवणं, वजनकाट्यात फसवणूक न होणं, विधवेची जमीन कोणी न बळकावणं, हे सगळं मातमध्येच येतं. याच्या उलट म्हणजे इसफेत, म्हणजे अनागोंदी.

राजाचं काम होतं मात टिकवणं. त्यासाठी त्यानं न्याय करायचा, सीमा राखायच्या आणि देवांची पूजा चालू ठेवायची. देवळातली पूजा तत्त्वतः राजाच करत असे. भिंतींवरच्या चित्रांत देवासमोर उभा असतो तो राजाच. पण एक माणूस एकाच सकाळी सगळ्या देवळांत कसा असणार? म्हणून पुजारी त्याच्या नावानं पूजा करत. पहाटे गाभाऱ्याचं दार उघडायचं, मूर्तीला स्नान, वस्त्र, सुगंधी तेल आणि मग नैवेद्य. देवानं ग्रहण केलेला नैवेद्य पुढे पुजारी आणि देवळातले नोकर यांच्यात वाटला जायचा. सर्वसामान्य माणसाला गाभाऱ्यात प्रवेश नव्हता. त्याला देवाचं दर्शन व्हायचं ते सणाच्या मिरवणुकीत, तेही बहुतेक वेळा पडद्याआडून.

मातपासून मेल्यावरही सुटका नव्हती. मृताचं हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि मातचं पीस दुसऱ्या पारड्यात ठेवलं जातं, अशी समजूत होती. अनुबिस तराजू सांभाळतो आणि थोथ निकाल लिहितो. हृदय जड भरलं तर शेजारी बसलेली अम्मित ते खाऊन टाकते. तिचं तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं आणि मागचं पाणघोड्याचं.

पिरॅमिडांचा काळ आणि सूर्याचा मुलगा

जुन्या राज्यात राजाचं वजन सगळ्यात जास्त होतं. खुफूचा गिझामधला महापिरॅमिड सुमारे इ.स.पू. २५६० मध्ये पूर्ण झाला. मूळ उंची साधारण १४६ मीटर आणि त्यात अंदाजे २३ लाख दगड.

हा पिरॅमिड परग्रहवासीयांनी बांधला, असे व्हिडिओ दर काही महिन्यांनी फिरत असतात. पण २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठावर वादी अल-जर्फ इथे पपायरस सापडले. त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरून गिझाला कसे पोहोचवले, कोणत्या दिवशी किती फेऱ्या झाल्या, हे त्यानं लिहून ठेवलं आहे. गिझाजवळ कामगारांची वस्ती, भट्ट्या आणि त्यांची थडगीही सापडली आहेत.

खुफूचा मुलगा जेदेफ्रे यानं स्वतःला 'राचा मुलगा' म्हणवून घेतलं आणि ती पदवी पुढे सगळ्या राजांना लागली. वरवर पाहता हा मोठा मान. पण नीट पाहिलं तर यात राजा एक पायरी खाली आला. आता तो देवाचा मुलगा होता, म्हणजे त्याच्या वर कोणीतरी होतं. पुढच्या घराण्यातल्या राजांनी पिरॅमिडांबरोबरच राची सूर्यमंदिरंही बांधली. त्या मंदिरांना जमिनी आणि धान्य द्यावं लागत होतं.

अमून मोठा कसा झाला?

मधल्या राज्यात सत्ता दक्षिणेकडच्या थीब्जच्या, म्हणजे आजच्या लक्सरच्या घराण्याकडे आली आणि तिथला अमून देव वर आला. राला बाजूला सारणं शक्य नव्हतं, म्हणून दोघांना एकत्र करून अमून-रा झाला. नव्या राज्यात इजिप्तच्या फौजा सीरियापासून नुबियापर्यंत, म्हणजे आजच्या सुदानपर्यंत गेल्या. प्रत्येक विजयाचं श्रेय अमूनला आणि लुटीतला वाटा त्याच्या कर्नाकच्या मंदिराला. राजांनी पिढ्यानपिढ्या या मंदिरात भर घातली.

राजाला देवाची गरज किती होती, हे हत्शेपसुतकडे पाहिलं की कळतं. ती दुसऱ्या थुतमोसची राणी. नवरा वारला तेव्हा सावत्र मुलगा तिसरा थुतमोस लहान होता. आधी तिनं त्याच्या वतीनं कारभार पाहिला आणि मग स्वतःलाच राजा म्हणून जाहीर केलं. गादीवर बाई कशी, या प्रश्नाला तिनं देर अल-बहारीच्या मंदिराच्या भिंतीवर उत्तर कोरलं. अमून देव तिच्या वडिलांचं रूप घेऊन तिच्या आईकडे आला आणि खनूम देवानं कुंभाराच्या चाकावर तिला घडवलं, असं तिथे चित्रांत दाखवलं आहे. खुद्द देवाची मुलगी म्हटल्यावर बोलणार कोण? तिनं सुमारे २० वर्षं राज्य केलं. पुंत देशात व्यापारी मोहीम पाठवली आणि कर्नाकमध्ये ओबेलिस्क उभे केले. त्यातला जवळजवळ ३० मीटर उंचीचा एक आजही उभा आहे.

तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, तिसऱ्या थुतमोसच्या राज्याच्या अखेरच्या काळात, तिची नावं आणि चित्रं खोडायला सुरुवात झाली. इजिप्शियन समजुतीनुसार नाव हा माणसाचा एक भागच असतो. नाव राहिलं तर माणूस मेल्यावरही राहतो आणि नाव पुसलं तर तो दुसऱ्यांदा मरतो. त्यामुळे नाव खोडणं ही तिथली सगळ्यात मोठी शिक्षा होती.

अखेनातेन : ज्यानं देवच बदलले

सुमारे इ.स.पू. १३५३ मध्ये चौथा अमेनहोतेप गादीवर आला. त्याच्या नावाचा अर्थ 'अमून प्रसन्न आहे'. पाचव्या वर्षी त्यानं नाव बदलून अखेनातेन केलं. आता त्याचा देव होता आतेन, म्हणजे सूर्याची तबकडी. त्यानं थीब्ज सोडून आजच्या अमार्ना इथे, मोकळ्या जागेवर नवी राजधानी वसवली. पुढे त्याची माणसं छिन्नी घेऊन देशभर फिरली आणि अमूनचं नाव खोडत गेली. उंच ओबेलिस्कच्या टोकापर्यंत चढून त्यांनी ते खोडलं. अखेनातेनच्या स्वतःच्या वडिलांच्या नावात 'अमून' होतं, तेही सुटलं नाही.

अनेक जण त्याला जगातला पहिला एकेश्वरवादी म्हणतात. पण यात एक मेख होती. आतेनची पूजा राजा आणि त्याची राणी नेफर्तिती करायची आणि लोकांनी राजघराण्यासमोर हात जोडायचे. म्हणजे देवाकडे जाण्याचा एकच रस्ता उरला आणि तो राजाच्या दारातून जात होता. गावोगावची मंदिरं बंद पडली की नुसते पुजारी रिकामे होत नव्हते. त्या मंदिरांच्या जमिनी, कोठारं, बेकरी, विणकर, सणाच्या मिरवणुका, सगळंच थांबत होतं.

लोकांनी जुने देव मनापासून सोडले का? अमार्नातल्या कामगारांच्या घरांत बेस आणि तावेरेत यांचे ताईत सापडले आहेत. बेस हा ठेंगणा, दाढीवाला, घर राखणारा देव आणि तावेरेत बाळंतिणीला सांभाळणारी पाणघोड्याच्या रूपातली देवी. राजाच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच राजधानीत, लोक घरातले देव सांभाळून होते. याच शहरातल्या साध्या लोकांच्या दफनभूमीत मिळालेल्या सांगाड्यांवर अपुऱ्या अन्नाच्या आणि अतिकष्टाच्या खुणा दिसतात. राजाच्या चित्रांत मात्र आतेनच्या वेदीवर अन्नाचे ढीग आहेत.

तुतानखामून : नावातच माफीनामा

अखेनातेनच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात सुमारे नऊ वर्षांचा मुलगा गादीवर आला. नाव तुतानखातेन. लवकरच ते बदलून तुतानखामून केलं गेलं. आतेन गेला, अमून परत आला. त्याच्या नावानं कर्नाकमध्ये उभारलेल्या शिलालेखाचा आशय असा आहे की मंदिरं ओस पडली होती, देवांनी देशाकडे पाठ फिरवली होती आणि प्रार्थना केली तरी कोणी येत नव्हतं. आता राजानं मूर्ती घडवल्या, पुजारी नेमले आणि मंदिरांची मिळकत वाढवून दिली. निर्णय अर्थात मुलाच्या मागे असलेल्या अधिकाऱ्यांचे होते.

तुतानखामून १८-१९ वर्षांचा असताना वारला. त्याच्यानंतर आय आणि मग सेनापती होरेमहेब राजा झाला. पुढे पहिल्या सेतीनं अबिडोसच्या मंदिरात आपल्या पूर्वजांची ७६ नावांची यादी कोरली. त्यात हत्शेपसुत नाही, अखेनातेन नाही, तुतानखामून आणि आयही नाहीत. पुढच्या काळातल्या एका कज्जाच्या कागदात अखेनातेनचा उल्लेख नावानं नाही, तर त्याच्या राजधानीचा शत्रू असा येतो.

तुतानखामूनच्या थडग्याचं दार मातीच्या ढिगाखाली गेलं आणि पुढे त्यावर दुसऱ्या थडग्याच्या कामगारांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी हॉवर्ड कार्टरच्या माणसांना त्या झोपड्यांखाली पहिली पायरी दिसली. आत पाच हजारांहून जास्त वस्तू होत्या. त्यातला सोन्याचा मुखवटा एकटाच दहा किलोंहून जास्त वजनाचा आहे.

दुसरा रामसेस : देवांच्या रांगेत बसलेला राजा

अमूनला परत आणल्यावर राजांनी धडा घेतला. देवांशी भांडायचं नाही, त्यांच्या शेजारी जाऊन बसायचं. दुसऱ्या रामसेसनं इ.स.पू. १२७९ ते १२१३ अशी ६६ वर्षं राज्य केलं. अबू सिंबेलच्या मंदिराबाहेर त्याचे स्वतःचे चार, प्रत्येकी सुमारे २० मीटर उंचीचे पुतळे आहेत. आत गाभाऱ्यात चार मूर्ती आहेत : प्ताह, अमून-रा, स्वतः रामसेस आणि रा-होराख्ती. वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यात पोहोचतात. प्ताहचा संबंध पाताळाशी, म्हणून तो अंधारात राहतो. आस्वानच्या मोठ्या धरणात हे मंदिर बुडणार होतं. १९६४ ते १९६८ या काळात युनेस्कोच्या पुढाकारानं डोंगरासकट ते कापून सुमारे ६५ मीटर वर नेऊन पुन्हा जोडलं.

इ.स.पू. १२७४ मध्ये कादेशला हित्ती राजाशी त्याची लढाई झाली. निकाल कोणाच्याच बाजूनं लागला नाही. पण रामसेसनं मंदिरांच्या भिंतींवर असं कोरलं की सैन्य पळालं, अमूननं हात दिला आणि त्यानं एकट्यानं शत्रूला लोळवलं. पुढे दोघांत तह झाला आणि त्या तहाला साक्षीदार म्हणून दोन्ही देशांच्या देवांची नावं घातली गेली.

धान्याचं कोठार रिकामं झालं तेव्हा

तिसऱ्या रामसेसच्या काळापर्यंत मंदिरं अफाट श्रीमंत झाली होती. त्यानं देवळांना दिलेल्या देणग्यांची नोंद असलेला पपायरस ४० मीटरहून लांब आहे. पण त्याच राजाच्या २९ व्या वर्षी, सुमारे इ.स.पू. ११५७ मध्ये, राजांची थडगी खोदणाऱ्या देर अल-मदिनाच्या कामगारांना पगाराचं धान्य वेळेवर मिळालं नाही. त्यांनी काम बंद केलं आणि मंदिरांच्या आवारात जाऊन ठिय्या दिला. आम्ही उपाशी आहोत, अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, हे राजाला कळवा, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्ञात इतिहासातला हा सगळ्यात जुना संप मानला जातो. देवांचं पोट भरलेलं होतं, पण देवासारख्या राजाचं थडगं खोदणारे उपाशी होते. मात टिकवण्याची राजाची जबाबदारी इथे उघडी पडली.

तिसऱ्या रामसेसविरुद्ध त्याच्याच अंतःपुरात कट शिजला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅनच्या अभ्यासात त्याचा गळा खोलवर चिरलेला दिसला. ममी बनवणाऱ्यांनी त्या जखमेत होरसच्या डोळ्याचा ताईत ठेवला होता, म्हणजे परलोकात तरी जखम भरून यावी.

नव्या राज्याच्या शेवटी थीब्जमध्ये अमूनचे मुख्य पुजारीच राज्य करू लागले. हेरिहोर नावाच्या पुजाऱ्यानं तर आपलं नाव राजाच्या नावासारखं लंबगोल चौकटीत कोरून घेतलं. राजांनी शतकानुशतकं देवाला दिलेलं दान अखेर राजालाच भारी पडलं.

परके राजे, तेच देव

यानंतर इजिप्तवर बाहेरचे बरेच जण आले. पण प्रत्येकाला याच देवांच्या दारातून आत यावं लागलं. नुबियाचा पिये इ.स.पू. आठव्या शतकात आला तो अमूनचा कट्टर भक्त म्हणूनच. सिकंदरनं इजिप्त जिंकल्यावर सिवाच्या वाळवंटी ओॲसिसमध्ये जाऊन अमूनचा कौल घेतला आणि देवाचा मुलगा म्हणून मान्यता मिळवली.

त्याच्या मागून आलेल्या ग्रीक टॉलेमी घराण्याचा एक दस्तऐवज आज जगप्रसिद्ध आहे, रोझेटा शिळा. इ.स.पू. १९६ मधला तिच्यावरचा मजकूर म्हणजे राजा आणि देव यांच्यातल्या व्यवहाराची जवळजवळ पावतीच आहे. पाचव्या टॉलेमीनं मंदिरांना सवलती आणि देणग्या दिल्या, म्हणून पुजाऱ्यांनी ठराव केला की प्रत्येक मंदिरात राजाची मूर्ती बसवायची. हा ठराव तीन लिप्यांत कोरला होता. १७९९ मध्ये शिळा सापडली आणि चौकटीतल्या राजांच्या नावांचा धागा पकडून १८२२ मध्ये शाँपोलियाँनं हायरोग्लिफ लिपीचं कोडं सोडवलं.

शेवटची राणी सातवी क्लिओपात्रा स्वतःला नवी इसिस म्हणवून घेत असे. इ.स.पू. ३० मध्ये तिचा मृत्यू झाला आणि इजिप्त रोमकडे गेला. रोमचा सम्राट ऑगस्टस रोममध्येच राहिला, पण इजिप्तच्या मंदिरांच्या भिंतींवर तोही फॅरोच्या वेशात देवांना नैवेद्य दाखवताना कोरलेला आहे. देवासमोर राजा हवाच, मग तो कितीही लांब का असेना.

राजा गेला, मग देव किती टिकले?

इसिस बरीच टिकली. तिची पूजा रोमन साम्राज्यभर पसरली. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरातल्या तिच्या मंदिरात तर भारताच्याही खुणा आहेत. भारताशी व्यापार करणारी जहाजं याच बंदरात लागत. तिथल्या उत्खननात इसिसच्या मंदिराच्या आवारात बुद्धाची मूर्ती आणि संस्कृत शिलालेख मिळाला. २०२३ मध्ये हे शोध जाहीर झाले तेव्हा त्यात सातवाहनांची दोन नाणीही होती. ज्या सातवाहनांची राजधानी गोदाकाठचं पैठण होतं, तेच हे सातवाहन.

पण रोमचे सम्राट ख्रिस्ती झाले आणि देवांना पोसणारा राजा उरला नाही. मंदिरांची मिळकत आटली, पुजारी कमी झाले. हायरोग्लिफ लिपीतला शेवटचा ज्ञात लेख फिले बेटावरच्या मंदिरात आहे. तारीख २४ ऑगस्ट ३९४. तो कोरणारा इसिसचा पुजारी होता. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या हुकमानं ते मंदिरही बंद झालं. नार्मेरच्या पाटीपासून इथपर्यंत सुमारे साडेतीन हजार वर्षं होतात.

२०२१ च्या मिरवणुकीत अखेनातेनचे आईवडील, तिसरा अमेनहोतेप आणि राणी तिये, होते. पहिला सेती होता, ज्याच्या यादीतून काही राजे गाळले गेले. दुसरा आणि तिसरा रामसेस होते. आणि हत्शेपसुतही होती. जिचं नाव भिंतींवरून खरवडलं होतं, तिच्या गाडीवर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि सगळं जग ते वाचत होतं.